तुमच्या कवितेतल्या चंद्राला काम काय?

दिवसा मी लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहे. हिशोबपट्ट्या, हमाली, तोलाई, कुणाची उचल किती राहिली, हे माझं जग. आषाढ-श्रावणातल्या संध्याकाळी मात्र आम्ही मित्र मिळून जो दिवाळी अंक काढतो त्याच्या कविता निवडायचं काम माझ्याकडे असतं. पूर्वी पाकिटं यायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचे फोटो येतात, तेही तिरके. एवढं वाचून माझं एक मत झालंय. लिहिणाऱ्यांकडे भावना कमी नाही, पोत्यानं आहे. पण ती कवितेत शिरते तीच आपलं नाव पुकारत: वेदना, व्यथा, विरह, हुरहुर. आणि नाव पुकारून झालं की सोबतीला ठरलेली मंडळी येतात: चंद्र, मोरपीस, पिंपळपान, प्राजक्ताचा सडा, सांजवेळ, उंबरठा.

पुढचं सगळं नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे दोन-तीन संग्रह आलेत त्यांनीही वाचावं, पण ते ऐकतील असं वाटत नाही.

आधी खोडायचं

कच्ची कविता समोर घ्या आणि भावनेचं नाव जिथे जिथे आलंय तिथे गोल करा. दुःख, आनंद, एकाकी, उदास, ओढ ही तर नावंच झाली. त्याशिवाय काळीज, अंतर, हृदय, हुंदका, आसवं हे भावनेचे ठरलेले पत्ते; त्यांनाही गोल. आता गोल केलेले शब्द वगळून कविता मोठ्यानं वाचा. काही शिल्लक राहिलं तर तिथून सुरुवात करायची. काहीच राहिलं नाही तर तुमच्याकडे अजून कविता नाही, विषय आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. विषय असणं हीही अर्धी वाट आहे.

'सांगू नका, दाखवा' हे हल्ली प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं आणि ते बाहेरून आलंय असा आपला समज असतो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश'मध्ये रसदोषांची, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुकांची, यादी दिली, तिच्यातला पहिलाच दोष हा आहे: भाव किंवा रस त्याच्या स्वतःच्या नावानं सांगून मोकळं होणं. त्याच्या आधीचा काव्यशास्त्रकार आनंदवर्धन यानं हेच म्हटलं होतं, की शृंगार असा शब्द लिहिल्यानं शृंगार जाणवत नाही. म्हणजे आपल्याकडे हा नियम हजार वर्षांपूर्वीचा आहे. तो मोडायची परंपराही तेवढीच जुनी असणार, नाहीतर यादी करायची वेळ आली नसती.

भरताचे तीन प्रश्न

खोडलेल्या जागी काय भरायचं? इथे नाट्यशास्त्र कामाला येतं. भरतमुनींची परिभाषा बी.ए.च्या परीक्षेपुरती पाठ करून आपण सोडून देतो, पण लिहिणाऱ्याला ती फार व्यवहारी आहे. नंतरच्या शास्त्रकारांनी केलेल्या फोडीसह ती मी तीन प्रश्नांत मोडून घेतो. हे कुणामुळे वाटतंय? ते आलंबन. त्या वेळी भोवती काय होतं? ते उद्दीपन. आणि अंगानं काय केलं? तो अनुभाव.

आता वरच्या यादीकडे परत बघा. चंद्र, पाऊस, गार वारा, फुलांचा वास ही सगळी उद्दीपनं आहेत. कुणाबद्दल तरी आधीच वाटत असलेलं काही वाढवायला ती असतात. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ कवितांत माणूस नसतो, त्याची हालचाल नसते, नुसती उद्दीपनं असतात. चुलीत लाकूडच नाही आणि फुंकणीनं फुंकणं चाललंय.

तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. भरतानं सात्त्विक भाव, म्हणजे अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, आठ सांगितलेत: जागच्या जागी खिळणं, घाम, रोमांच, आवाज फाटणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि भान जाणं. आठांपैकी आपण एकच वापरतो, अश्रू. बाकीचे सात तसेच पडून आहेत. आणि मी तर म्हणेन आठांच्याही बाहेर जा. त्या वेळी हात काय करत होते ते आठवा. बातमी ऐकताना आजीनं शेंगा सोलायचं थांबवलं की जास्त भरभर सोलायला लागली? या दोन वेगळ्या आज्या आहेत, वेगळी दुःखं आहेत, आणि दोन्हींत 'दुःख' हा शब्द लागत नाही.

तुकोबांचा अभंग सगळ्यांना पाठ आहे: 'कन्या सासुऱ्यासी जाये । मागें परतोनि पाहे'. मुलीचे डोळे भरलेत की नाही, तुकोबा सांगत नाहीत. तिचं वय, शालू, वऱ्हाड काहीच नाही. मान वळली, एवढंच. पुढे आईला चुकलेलं मूल येतं, पाण्याबाहेरची मासोळी येते, आणि अगदी शेवटच्या शब्दात 'तळमळी'. तीन दृश्यं दाखवून झाल्यावर तो शब्द येतो, म्हणून तो चालतो. तुम्हीही भावनेचं नाव एकदा लिहू शकता, पण आधी त्याची किंमत मोजून.

वस्तूला स्वतःचा उद्योग हवा

माझा मुख्य मुद्दा हा आहे, आणि तो मला कुठल्या ग्रंथात सापडला नाही, बाजारात उभं राहून सुचला. कवितेत जी वस्तू आणता, ती तुम्ही दुःखी होण्याच्या आधीपासून तिथे असली पाहिजे आणि तिला तिचं काही काम असलं पाहिजे. कवीच्या मनःस्थितीसाठी मुद्दाम बोलावलेली वस्तू लगेच ओळखू येते.

बहिणाबाईंचा तवा घ्या. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तेव्हा मिळते भाकर.' जळगावच्या त्या घरात तवा रोज चुलीवर होताच. बहिणाबाईंना कविता सुचली नसती तरी त्यावर भाकरी झालीच असती. आणखी एक बघा, त्या तव्यावर थांबत नाहीत. तवा आला म्हणून चटका आला, चटका सोसला म्हणून भाकर आली. प्रतिमा दोन पावलं चालली. 'मन वढाय वढाय'मध्येही तेच: मन म्हणजे उभ्या पिकातलं ढोर, मग ते हाकलणं, मग त्याचं पुन्हा पिकावर येणं. नवे कवी पहिल्या पावलावर दमतात. 'मन म्हणजे पाखरू' म्हणतात आणि पुढच्या ओळीत मन समुद्र होतं. पाखरू बिचारं बुडतं.

मग चंद्र बाद का? नाही, त्याला काम द्या. आमच्या भागात शेतीची लाईट कितीदा तरी रात्रीची असते. मध्यरात्री उठून दारं धरायला जावं लागतं, या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी वळवायचं. तिथे चांदणं असलं की बॅटरी वाचते आणि पायाखालचं दिसतं. अशा माणसाचा चंद्र मी लिहायचा म्हटला तर:

*आज बॅटरी लावली नाही.*
*पाचव्या वाफ्यापर्यंत पाणी दिसतंय,*
*आणि बांधावर कुणी नाही.*

एकटेपणा आहे की समाधान? मला दोन्ही वाटतं. वाचणाऱ्यानं ठरवावं.

सगळ्यांना दिसलं ते सोडा

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून पहिली गाडी एप्रिलमध्ये पोहोचली, त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. त्या वर्षी आलेल्या कवितांत काय होतं? भेगाळलेली भुई, कोरडी नदी, आभाळाकडे बघणारा शेतकरी. म्हणजे वर्तमानपत्रातले फोटो. लिहिणारे लातूरचेच होते, पण त्यांनी लिहिलं ते मुंबईहून आलेल्या फोटोग्राफरला दिसलेलं.

आम्ही जे जगत होतो ते वेगळं होतं. घागरींवर ऑइलपेंटनं नावं घातलेली. टँकरचा हॉर्न ओळखू यायचा, झोपेतसुद्धा. भाजी धुतलेलं पाणी कशाला वापरायचं यावर घरात भांडणं. आणि पाहुणा आला की पेला अर्धा भरून द्यायचा, आणि पाहुण्यानं तो अर्धाही पूर्ण प्यायचा नाही. तो शेवटचा तपशील माझ्या मते अख्ख्या दुष्काळापुरेसा आहे. त्यात टंचाई आहे, यजमानाची लाज आहे, पाहुण्याचा समजूतदारपणा आहे, आणि कुणी कुणाला काही बोललेलं नाही.

तर, मोठ्या घटनेवर लिहायचं असेल तेव्हा कॅमेऱ्याला जे दिसलं त्यावर काट मारायची. मग घरातलं, कानाचं, नाकाचं, कातडीचं जे उरेल ते कागदावर काढायचं. मराठी कविता फार डोळ्यांवर चालते, ही माझी तक्रार आहे. सोयाबीन वाळलंय की नाही हे बघायला आता मीटर आहे, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो. पण जुने शेतकरी अजून दाणा दाताखाली धरतात आणि कट्ट असा आवाज येतो का ऐकतात. माल दाखवायला आणलेला माणूस तो आवाज ऐकताना जसा थांबतो, त्याच्यावर कविता व्हायला हवी. अजून कुणी पाठवलेली नाही.

एक कविता, आधी आणि नंतर

कॉलेजातल्या एका मुलानं गेल्या वर्षी 'बळीराजाची व्यथा!' अशी कविता दिली. वडिलांचं सोयाबीन विकायला तो बाजारात आला होता, त्या दिवसावर. त्याच्या परवानगीनं चार ओळी देतो.

*बापाच्या डोळ्यांत दुःखाचा सागर*
*काळजात दाटले वेदनेचे ढग*
*घामाच्या मोत्यांना मिळेना मोल*
*व्यथेचा हा वणवा पेटतो अंतरी*

चार ओळींत समुद्र, ढग, मोती आणि वणवा. हवामान खात्यालाही अंदाज सांगता येणार नाही. पण मुलाला वाटत होतं ते खरं होतं, फोनवर बोलताना त्याचा आवाज बदलला त्यावरून कळत होतं. मी त्याला म्हटलं, कविता बाजूला ठेव. त्या दिवशी काय काय झालं ते पहाटेपासून सांग, 'वाटलं' हा शब्द न वापरता.

त्यानं सांगितलं ते असं. पहाटे टेम्पो भरला. आडतीसमोर माल ओतला. सौदा निघाला, भाव कमी निघाला. आडत्यानं चहा पाजला. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात आली. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पट्टी न वाचता टोपीत ठेवली. मग रिकामी पोती झटकून घड्या घातल्या, कारण बारदान परत न्यायचं असतं. परतताना कुणी बोललं नाही. घरी आई दारात होती.

यातलं काय ठेवायचं? आई दारात होती हे मोहात पाडणारं आहे, पण दारातली आई इतक्यांनी वापरलीय की तिला आता बसू द्यावं. चहा चांगला आहे, त्याची वेगळी कविता होईल. पट्टी आणि पोती यांना स्वतःचा उद्योग आहे. ती ठेवली.

चष्म्याशी मात्र आम्ही बराच वेळ झटलो. मुलगा म्हणे, तो खरंच घरी राहिला होता, लिहायलाच हवं. मी म्हटलं, चष्मा लिहिलास की पट्टी न वाचण्याला कारण मिळालं. कारण मिळालं की वाचणारा सुटला. 'चष्मा नव्हता म्हणून वाचली नाही' यात काय दुखणार? घडलेलं सगळं कवितेत यायला हवं असं नाही. खोटं घालू नये, पण खरं वगळायला हरकत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात त्यानं लिहिलं होतं, 'आई पातळाची घालते तशी पोत्यांची घडी'. उपमा वाईट नव्हती. पण ती ओळ वाचून मला कवीचं कौतुक वाटलं आणि मी अण्णांना विसरलो. उपमेची ही परीक्षा मी नेहमी घेतो: वाचल्यावर नजर कुणाकडे गेली? कवीकडे गेली तर ओळ काढायची. शेवटी उरलं ते:

*पट्टी वाचली नाही अण्णांनी.*
*दुमडून टोपीत ठेवली.*

*मग रिकामी पोती झटकली एकेक,*
*काठाला काठ लावून घड्या घातल्या.*

*एक उसवलेलं निघालं.*
*त्याचीही घातली.*

आता यात समुद्र शोधा. मला तरी पहिल्या कवितेपेक्षा मोठा दिसतो.

क्रियापदं मोजा: वाचली नाही, दुमडून ठेवली, झटकली, घातल्या, निघालं, घातली. विशेषणं दोनच, 'रिकामी' आणि 'उसवलेलं', आणि तीही पोत्याची अवस्था सांगणारी. वृत्तात लिहिणाऱ्यांना एवढी मोकळीक नसते हे कबूल. पण मात्रा भरायला शब्द लागला तर 'हळवा', 'कातर', 'व्याकुळ' यांच्याऐवजी वस्तूचा रंग, माप किंवा जागा घाला. बालकवींचा 'औदुंबर' आठ ओळींचा आणि चोख वृत्तातला आहे. त्यात हिरवा, निळासावळा, पांढरी, काळ्या असे रंग येत जातात, आणि पायवाट हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे चालत जाते. उदास असा शब्द कुठे नाही. तरी त्या झाडाच्या उदासीबद्दल समीक्षक अजून वाद घालतात.

उलटं लावून पाहा

भावना आणि वस्तू एकाच रंगाची असली की कविता पुढे काय म्हणणार ते आधीच कळतं. दुःखाला अंधार, आनंदाला फुलं. कधी उलटं करा. ज्ञानेश्वरांच्या विराणीत विरहिणीला चंदनाची चोळी अंग पोळते. जे थंडावा द्यायला लावलं तेच भाजतंय, म्हणून ती आग खरी वाटते. आपल्या साध्या पातळीवर: मुलीचा निकाल चांगला लागला, आणि बापानं संध्याकाळी सायकलच्या साखळीला तेल दिलं, कधी नव्हे ते. पेढे नाहीत, मिठी नाही. तेल.

आणि काही वेळा प्रतिमेनं भावना दाखवण्यापेक्षा लपवावी. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: बाबा, खुशाल फिर, तो कुत्रा आज मेला, गोदाकाठच्या झुडपात राहणाऱ्या सिंहानं त्याला मारलं. वर वर दिलासा आहे. खरं म्हणजे तिला तो तिथे नकोय, कारण ती तिची भेटायची जागा आहे. दोन ओळींत कुत्रा, सिंह, झुडूप, नदी, आणि ओढीचा उच्चारही नाही. आनंदवर्धनानं ध्वनी, म्हणजे न सांगता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. माणूस जे बोलत नाही ते त्याला दुसऱ्याच वस्तूबद्दल बोलायला लावून लिहिता येतं. घरोघरी हे चालतं. सासू-सुनांचा अर्धा संवाद भांड्यांविषयी असतो.

कुणाला ऐकवायची

कवीमित्राला नको. तो 'क्या बात है' म्हणेल किंवा स्वतःची काढेल. कविता न वाचणाऱ्या माणसाला ऐकवा आणि 'कशी वाटली?' असं न विचारता 'काय दिसलं?' असं विचारा. उत्तरात वस्तू आल्या तर काम झालं. 'छान विचार आहे' असं उत्तर आलं तर परत लाल पेन.

त्या मुलाची कविता मी आमच्या आडतीवरच्या एका हमालाला वाचून दाखवली. तो म्हणाला, उसवलेलं पोतं कोण टाकून देतं, सुतळीनं शिवायचं, त्यात काय लिहायचं. मग जरा थांबून विचारलं, "माल किती होता?" कवितेत ते नव्हतं. मुलाला फोन केला. नऊ पोती, म्हणजे पाच-साडेपाच क्विंटल, वर्षाचं पीक. तिसरी ओळ बदलली: 'मग नऊ पोती झटकली एकेक'. 'रिकामी' गेलं, झटकली म्हटल्यावर ती रिकामी असणारच. बाजारात वावरलेल्या कुणालाही 'नऊ' ऐकून सगळं कळतं, आणि न वावरलेल्याला निदान मोजणारा माणूस दिसतो.

राहिलं शीर्षक. भावना खोडून काढलेल्या कवितेवर 'व्यथा' असं शीर्षक घालणं म्हणजे पुढच्या दारानं घालवलेल्याला मागच्या दारानं घेणं. कवितेतली एखादी वस्तूच वर नेऊन बसवा. 'बळीराजाची व्यथा!'चं 'पट्टी' झालं. उद्गारचिन्ह राहू द्या, असा त्याचा हट्ट होता. अंक छापायला गेला तेव्हा मी ते काढलं, आणि त्याला अजून ते खटकतंय.